चारकोपला हवी एक परदेशी बहीण!

कांदिवली स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा, मुंबईला परदेशात बहिणी किती? नऊ जण तुमच्याकडे संशयाने बघतील आणि दहावा म्हणेल, "पुढे सरका."

पण बहिणी आहेत, आणि चांगल्या घरच्या आहेत. जपानचं योकोहामा १९६५ पासून, जर्मनीचं स्टुटगार्ट १९६८ पासून, हवाई बेटांवरचं होनोलुलू १९७० पासून, अमेरिकेचं लॉस एंजेलिस १९७२ पासून, दक्षिण कोरियाचं बुसान १९७७ पासून. रशियाचं सेंट पीटर्सबर्ग तर थेट ते लेनिनग्राड आणि आपण बॉम्बे होतो त्या काळातलं. अलीकडची म्हणजे २०१४ सालची शांघाय. याला म्हणतात सिस्टर सिटी, सरकारी मराठीत भगिनी शहर. दोन शहरांचे महापौर किंवा आयुक्त कागदावर सह्या करतात, शाली-श्रीफळ होतं, फोटो निघतो आणि मग पुढे काय होतं ते त्या त्या शहराच्या स्वभावावर अवलंबून. काही नाती फोटोतच राहतात, काहींतून बागा उभ्या राहतात, सिनेमे फिरतात, पोरं शिकायला जातात.

मुंबईला एवढ्या बहिणी असताना आमच्या चारकोपला एकही नसावी हे बरं नाही. नऊ सेक्टरांचा संसार आहे, खाडी आहे, गावठाण आहे, मेट्रोही आली. तेव्हा जगात ही नाती कशी जुळतात, कशी मोडतात ते पाहून चारकोपसाठी एक लायक उमेदवार शोधायचा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

हुंड्यात मुंबई गेली, चारकोप नाही गेलं

परदेशाशी मुंबईचं पहिलं गाजलेलं नातं बहिणीचं नव्हतं, हुंड्याचं होतं. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं, कॅथरीनचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं आणि मुंबईचं बेट करारात गेलं. चार्ल्सला त्या दलदलीचं काय करायचं ते समजेना. १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. एवढ्या भाड्यात आज चारकोप मार्केटमध्ये हातगाडीही उभी राहणार नाही.

गंमत अशी की इंग्रजांना वाटत होतं, आजूबाजूची बेटंही आपलीच. पोर्तुगीजांनी साष्टी बेट काही सोडलं नाही, आणि चारकोप साष्टीत. म्हणजे मुंबई इंग्रजांची झाली तरी पुढची सत्तरेक वर्षं चारकोप, कांदिवली, बोरिवली पोर्तुगीजांकडेच राहिली. मग १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकून पोर्तुगीजांचा हिशेब पुरा केला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवर झडप घातली. फोर्टात कामाला निघताना इकडची जुनी माणसं अजूनही "मुंबईला जाऊन येतो" म्हणतात. हसणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

ही प्रथा पाडली कोणी?

सर्वांत जुनं उदाहरण बहुधा फ्रान्सचं ल मान्स आणि जर्मनीचं पाडेरबोर्न यांचं. इसवी सन ८३६ मध्ये संत लिबोरियस यांच्या अस्थी ल मान्सहून पाडेरबोर्नला नेल्या, तेव्हापासून दोन्ही गावं एकमेकांना धरून आहेत. हजार वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी किती वेळा लढले, पण या दोघांची ओळख काही सुटली नाही. त्यानंतर १९३१ मध्ये अमेरिकेच्या ओहायोतल्या टोलेडोने स्पेनच्या टोलेडोशी नातं जोडलं. नाव एकच, मग वेगळं कशाला राहायचं!

खरा हुरूप दुसऱ्या महायुद्धाने आणला. इंग्लंडचं कॉव्हेंट्री बॉम्बनी भाजून निघालेलं, रशियाचं स्टालिनग्राड त्याहून वाईट अवस्थेत. कॉव्हेंट्रीच्या ८३० बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामाने काढली आणि ते कापड स्टालिनग्राडला पाठवलं. १९४४ मध्ये या दोन शहरांची मैत्री जाहीर झाली. स्टालिनग्राडचं पुढे व्होल्गोग्राड झालं, आणि त्या व्होल्गोग्राडची एक बहीण आपल्याकडेही आहे: चेन्नई.

मग ७ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेच्या सेंट पॉलने नागासाकीशी करार केला. तारीख पाहा. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला त्याच दिवशी चौदा वर्षं पूर्ण होत होती. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी माणसांनी माणसांशी दोस्ती करण्याची मोहीम सुरू केली आणि सिस्टर सिटीचं पीक आलं. जन्मभर लष्करात राहिलेल्या माणसाने ही कल्पना उचलून धरावी, यातच सगळं आलं.

त्याच १९५६ मध्ये रोम आणि पॅरिसने आपापसात असा करार केला की रोमच्या लायकीचं फक्त पॅरिस आणि पॅरिसच्या लायकीचं फक्त रोम. तिसऱ्या कोणाला प्रवेश नाही. या दोघांनी बाकी कोणाशी केली ती मैत्री किंवा भागीदारी. बहीण म्हणून एकच. सिस्टर सिटी आणि फ्रेंडशिप सिटी यांतला फरक तसा सोपा आहे: फ्रेंडशिप म्हणजे साखरपुडा, सिस्टर म्हणजे लग्न. पुष्कळ जण साखरपुड्यावरच थांबतात आणि सुखी असतात.

योकोहामा: करारापेक्षा ओळख जुनी

मुंबईच्या बहिणींत माझं मत योकोहामाला. कारण इथे कागद नंतर आला, येणंजाणं आधीचं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन काइशा ही जहाज कंपनी यांनी मिळून मुंबई ते जपान अशी बोट सुरू केली. जपानच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता आणि पी अँड ओ ही इंग्रजी कंपनी मालवाहतुकीचं भाडं मनमानी लावत होती. स्पर्धा आली म्हटल्यावर इंग्रजांनी भाडं पार तळाला नेलं, पण जपानी कंपनी हटली नाही. जपानची ही पहिली नियमित लांब पल्ल्याची बोटसेवा, आणि तिचं पहिलं टोक मुंबई.

त्यापाठोपाठ हिंदुस्थानी व्यापारी, विशेषतः रेशमाचे सिंधी व्यापारी, योकोहामात दुकानं थाटून बसले. १ सप्टेंबर १९२३ रोजी मोठा भूकंप झाला, शहर जळालं, त्यात आपलीही बरीच माणसं गेली. वाचलेल्यांना योकोहामाकरांनी हात दिला, पुन्हा धंदा उभा करायला मदत केली. त्याची जाण ठेवून या व्यापाऱ्यांनी समुद्रकाठच्या यामाशिता पार्कमध्ये एक पाणपोई बांधून दिली. वर घुमट, खाली पाण्याचं कारंजं, थेट आपल्याकडच्या छत्रीसारखा घाट. लोक तिला इंडियन वॉटर टॉवर म्हणतात आणि दर १ सप्टेंबरला तिथे भूकंपात गेलेल्यांचं स्मरण होतं. करार १९६५ चा, पाणपोई त्याच्या आधी पंचवीसेक वर्षं उभी! त्याच पार्कात हल्ली दिवाळीचा मेळावाही भरतो. २०१५ मध्ये नात्याला पन्नास वर्षं झाली, त्या वर्षी योकोहामा महापालिकेने मुंबईत स्वतःचं कार्यालय उघडलं. महापालिकेने दुसऱ्या देशात कार्यालय थाटायचं म्हणजे हौस तर पाहिजेच, धंद्याची नजरही पाहिजे.

बाकीच्या बहिणींची धावती भेट

स्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश यांचं माहेर. पण त्याहून मजेशीर गोष्ट ही की शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत आणि महापालिकेची स्वतःची वाइनरी आहे. आपल्या महापालिकेकडे तलाव, त्यांच्याकडे वाइन. एकमेकांना द्यायला दोघांकडेही काहीतरी आहे म्हणायचं. या मैत्रीतून मुंबईत 'स्टुटगार्ट मीट्स मुंबई' नावाने वाइन आणि खाण्याचा मेळा भरला, आणि तिकडे स्टुटगार्टमध्ये दर वर्षी भारतीय चित्रपट महोत्सव होतो. तिथल्या पुरस्काराचं नाव 'जर्मन स्टार ऑफ इंडिया'. जर्मन माणूस शिस्तीत रांग लावून हिंदी, मराठी, मल्याळी सिनेमे बघतो ही कल्पनाच मला आवडते.

लॉस एंजेलिसने आपल्या सगळ्या बहिणींची आठवण चौकात टांगून ठेवली आहे. सिटी हॉलजवळ, फर्स्ट आणि मेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक खांब आहे. त्याला चहूबाजूंनी बाणाच्या पाट्या लावल्यात: इलात, नागोया, बोर्दो, बर्लिन, लुसाका आणि अर्थात मुंबई. आपापल्या दिशेला तोंड करून. त्यांच्या थोरल्या बहिणींत इस्राएलचं इलात, १९५९ ची. दोन्ही गावं सिनेमावाली असूनही हॉलिवूड आणि बॉलिवूडमधला सहकार्याचा जाहीरनामा निघायला मात्र २०१० उजाडलं. तोवर आपले दिग्दर्शक तिकडच्या कथा बिनकराराच्याच आणत होते.

शांघायची गोष्ट आणखी चविष्ट. २००४ च्या सुमारास मुंबईचं शांघाय करण्याच्या गप्पा जोरात होत्या, आठवतं? शांघाय झालं नाहीच. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, शी जिनपिंग दिल्लीला आले तेव्हा शांघायला बहीण करून घेतलं. पण त्याआधी शंभर-दीडशे वर्षं दोन्ही शहरं ससून घराण्याने बांधलेली होती. १८७५ मध्ये कुलाब्याला ससून डॉक बांधणारं हेच ते घराणं. त्यांच्याच व्हिक्टर ससूनने १९२९ मध्ये शांघायच्या नदीकाठी, बंडवर, ससून हाऊस उभारलं, आजचं पीस हॉटेल. घराण्याचा बराच पैसा कापसाचा आणि अफूचा, हे करारात कोणी लिहीत नाही. आणि बहिणींच्या बहिणी पाहाल तर योकोहामा आणि शांघाय हे दोघं १९७३ पासून एकमेकांचे, मुंबईची मधली ओळख नसतानाही.

एक बाग, तीन देश

आता पुण्याला जाऊ, कारण या विषयात पुणेकरांनी बाजी मारली आहे. सांगितलं तर ते म्हणतील, "यात नवीन काय?"

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तुम्ही पाहिलं असेल. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची बाग आहे, इकेदा त्सुनामासा या सरदाराने १७०० साली पूर्ण केलेली, जपानच्या तीन सर्वश्रेष्ठ बागांपैकी एक. तिच्या धर्तीवर दहा एकरांत पुण्याची बाग झाली आणि २००६ मध्ये खुली झाली. कालव्याचं पाणी घेऊन त्याचे ओहोळ खेळवलेत, छोटे पूल, मासे, टेकाडं, आणि कापून गुळगुळीत केलेली हिरवळ. त्या हिरवळीवर नको तिथे पाय पडला की शिट्टी वाजते. जपानी सौंदर्यदृष्टी आणि पुणेरी पाटी यांचा इतका सुखाचा संसार दुसरीकडे नाही.

गोष्ट इथे संपत नाही. पुण्याची आणखी एक बहीण अमेरिकेत आहे, कॅलिफोर्नियाचं सॅन होजे, १९९२ पासून. हिंजवडीचं आयटी पार्क तेव्हा व्हायचं होतं, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीशी सोयरीक पुण्याने आधीच करून ठेवली. आणि त्या सॅन होजेचं ओकायामाशी नातं १९५७ पासूनचं. तिथल्या केली पार्कात १९६५ मध्ये एक जपानी मैत्री उद्यान झालं, तेही कोराकुएनवरूनच! म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी एका जपानी सरदाराने आखलेल्या बागेच्या दोन प्रती निघाल्या, एक सॅन होजेत, एक सिंहगड रस्त्यावर. तिन्ही शहरं एकमेकांची नातेवाईक. यातलं निम्मंअधिक श्रेय योगायोगाला.

जर्मनीच्या ब्रेमेनशी पुण्याचं नातं वेगळ्या चालीचं आहे. १९७० च्या दशकात ते सुरू झालं आणि चालवलं ते मुख्यतः नागरिकांच्या गटांनी. तिकडे त्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे, इकडे औंधला ब्रेमेन चौक आहे. रिक्षावाल्याला ब्रेमेन कुठे विचारलंत तर तो जर्मनीचं नाव घेणार नाही, सरळ तुम्हाला चौकात नेऊन सोडेल. नातं एवढं मुरलं की अजून काय पाहिजे?

आणि अलास्कातलं फेअरबँक्सही पुण्याच्या गोतावळ्यात आहे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीसपर्यंत उतरतो. पुण्यात बारा अंशाला स्वेटर, कानटोपी आणि "यंदा थंडी विशेष आहे" सुरू होतं. या दोघांचं हवेवर बोलणं कसं होत असेल?

लेण्यांची गाठ

मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि चीनचं दुनहुआंग यांचा करार झाला. या सगळ्या यादीत अक्कलहुशारीने जुळवलेली जोडी म्हणाल तर ही. आपल्याकडे अजिंठा-वेरूळ, त्यांच्याकडे मोगाओ लेणी. अजिंठ्याचं काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालं, मोगाओचं इसवी सन ३६६ मध्ये; बुद्धही तोच, भिंतीवर रंगवण्याची हौसही तीच. मोगाओच्या एका बंद खोलीत सापडलेलं ८६८ सालचं वज्रसूत्र हा तारीख असलेला जगातला सर्वांत जुना छापील ग्रंथ मानतात. तो आता लंडनला आहे. अशा गोष्टी शेवटी लंडनलाच का सापडतात ते विचारू नका.

शाळेच्या पुस्तकातला चिनी प्रवासी ह्युएन त्संग इथे कामाला येतो. पुलकेशी राजाच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला, डोंगरात कोरलेल्या विहारांचं वर्णन त्याने केलं आणि परतीच्या वाटेवर तो दुनहुआंगला थांबला. दोन शहरांना जोडणारा माणूस कराराच्या तेराशे सत्तर वर्षं आधीच हजर!

जपानच्या वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राचा करार २०१३ चा. तिथे कोयासान नावाचा बौद्धांचा पवित्र डोंगर आहे. त्या डोंगरावरच्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला गेला. पर्यटनाच्या करारातून एवढं निघालं तर करार पावला म्हणायचा.

आणि कागदाच्या आधी एकाच माणसाने जोडलेलं नातं पाहायचं तर सोलापूर. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. शिजियाझुआंगमध्ये त्यांची समाधी आहे. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. चीनमधून मोठा पाहुणा आला की त्यांच्या कुटुंबाची भेट घ्यायचा शिरस्ता बरीच वर्षं चालला.

गंमत, फजिती आणि काडीमोड

स्कॉटलंडमध्ये डल नावाचं चिमुकलं गाव आहे. अमेरिकेत ओरेगनमध्ये बोरिंग. २०१२ मध्ये दोघांनी जोडी जमवली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाचं ब्लँड त्यांत येऊन मिळालं. डल, बोरिंग आणि ब्लँड! ओरेगनमध्ये दर ९ ऑगस्टला या मैत्रीचा दिवस पाळतात आणि पर्यटक मुद्दाम पाटीखाली फोटो काढायला येतात. चारकोपकरांना बोरिंग म्हटलं तर ते आधी विचारतील, पाणी गोडं लागलं की खारं?

इंग्लंडमधल्या व्हिटवेल या इवल्या गावाची करामत तर मानलीच पाहिजे. १९८० च्या सुमारास गावच्या पबमधल्या मंडळींनी पॅरिसचे तेव्हाचे महापौर जाक शिराक यांना पत्र टाकलं: आमच्या गावाशी नातं जोडा, अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर संमती आहे असं समजू. उत्तर आलं नाही. गावाच्या वेशीवर पाटी लागली, 'पॅरिसशी जोडलेलं'. एकनिष्ठ रोमला हे कोणी कळवलं की नाही कोण जाणे.

विन्कँटन या इंग्रजी गावाने तर २००२ मध्ये थेट कादंबरीतल्या शहराशी नातं जोडलं, टेरी प्रॅचेटच्या आंख-मॉरपोर्कशी. ते शहर अस्तित्वातच नाही, पण तसं त्यांनी लपवलंही नाही.

लपवाछपवीची गोष्ट आपल्याकडून गेलेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या नेवार्क महापालिकेने 'कैलासा' या देशाशी समारंभपूर्वक करार केला. भगवी वस्त्रं, सह्या, फोटो, सगळं झालं. मग कोणाला तरी नकाशा बघायचं सुचलं. कैलासा म्हणजे देशातून पळालेल्या नित्यानंदाने जाहीर केलेला, कुठेच नसलेला देश! आठवडाभरात करार रद्द. आपल्याकडे रेशनकार्डासाठी राहत्या घराचा पुरावा मागतात आणि अमेरिकेत देश असल्याचाही मागितला नाही.

काडीमोडही होतात. ओसाकाने सॅन फ्रान्सिस्कोशी १९५७ पासून असलेलं नातं २०१८ मध्ये तोडलं. कारण एक पुतळा: दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या स्त्रियांवर अत्याचार केले त्यांच्या स्मरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत तो उभा राहिला. प्रागचं आणि बीजिंगचं २०१९ मध्ये तैवानच्या उल्लेखावरून बिनसलं आणि प्राग २०२० च्या जानेवारीत सरळ तैपेईशी करार करून मोकळं झालं. युद्धातून जन्मलेलं कॉव्हेंट्री आणि व्होल्गोग्राडचं नातंही युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये स्थगित झालं. टेबलक्लॉथमध्ये इतकी नावं गुंफली होती, तरी.

चारकोपचा उमेदवार

आता मूळ मुद्दा. चारकोपला जोड कोणाची?

हे ठरवायला चारकोप झालं कसं ते पाहिलं पाहिजे. पूर्वी इथे गावठाण, शेती, खाडी आणि तिवरं. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प आला, तो १९९४ पर्यंत चालला. म्हाडाने इथे जमीन आखली, रस्ते काढले, पाणी आणि गटार दिलं आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना लहान लहान प्लॉट दिले: घर ज्याचं त्याने, जमेल तसं बांधायचं. मधे मोकळं अंगण, भोवती घरं, आणि तीसपस्तीस घरांची एक सोसायटी. पत्तेसुद्धा त्यामुळे कसे पाहा: आरएससी अमुक, प्लॉट तमुक, सेक्टर दोन. बाहेरचा कुरियरवाला पहिल्यांदा आला की या आकड्यांच्या जाळ्यात पाऊण तास फिरतो आणि शेवटी फोन करतो. अंगणात मात्र तुळस आहे, कपड्यांची दोरी आहे, क्रिकेट आहे, आणि माघी गणपतीला मांडव आहे. खालच्या खोलीवर एकेक मजला चढत गेला, पुढच्या खोलीत किराणा, शिवणकाम, क्लास सुरू झाले.

गंमत म्हणजे बँकेच्याच लोकांना एके काळी वाटलं होतं, ही असली कामं फसली. मग संशोधकांनी वीसेक वर्षांनी मुंबई आणि चेन्नईतल्या अशा वसाहती पुन्हा जाऊन पाहिल्या आणि २०१८ मध्ये लिहिलं की ज्याला आपण अपयश समजलो ते यश निघालं. नांदती, मिश्र वस्तीची, राहावंसं वाटणारी गावं झाली आहेत. चारकोपकर हे बिनपगारी सांगत होते.

या पद्धतीची बँकेची पहिली वसाहत जगात कुठे झाली माहीत आहे? सेनेगलमध्ये. १९७२ मध्ये डाकार शहराच्या उत्तरेला. तिचं नाव पार्सेल असेनी. तिथेही तीच रीत: जमीन आखून दिली, सोयी दिल्या, घर तुम्ही बांधा. तिथेही आधी बैठी घरं होती, मग मजले चढले. आणि तिथले पत्ते? आपल्याकडे सेक्टर, तिथे युनिट. युनिट दहा, युनिट सतरा. तिथला कुरियरवालाही फोनच करत असणार.

पुढे ऐका. चारकोपच्या शेजारी गावठाण आणि खाडी. पार्सेल असेनीच्या शेजारी कांबेरेन हे मच्छीमारांचं जुनं गाव आणि समोर अटलांटिक. आपल्याकडे २०२२ मध्ये मेट्रो २अ आली, पहिल्या टप्प्यात डहाणूकरवाडीपर्यंत. त्यांच्याकडे २०२४ मध्ये विजेच्या बसची बीआरटी आली, तीही त्यांच्याच बाजूने जाते. आणि सेनेगलचं राष्ट्रीय जेवण काय? चेबू जेन: एका भांड्यात शिजवलेला मासे-भात! २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवलं. आपल्या गावठाणातल्या कोलंबीच्या खिचडीला अजून कोणी विचारलं नाही, ते जाऊ दे, पण खाण्याची आवड जुळली.

लॉस एंजेलिस, पॅरिस यांच्या मागे लागून चारकोपला फक्त पाटी मिळेल. पार्सेल असेनीशी बोलायला विषय आहेत: वरचे मजले किती चढू द्यायचे, अंगणात गाड्या येऊ द्यायच्या का, पाऊस तुंबला की गटार कोणी उघडायचं, पुनर्विकासाचा बिल्डर दारात आला की काय सांगायचं. अर्ध्या शतकाचा अनुभव त्यांच्याकडे, चाळीस वर्षांचा आपल्याकडे.

अडचण एकच. चारकोप हे शहर नाही, महापालिकेच्या आर दक्षिण विभागातला एक भाग आहे. सही करायची तर ती मुंबई महापालिकेने, आणि त्याला परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते; राज्यांच्या आणि शहरांच्या अशा कामांसाठी मंत्रालयात २०१४ पासून वेगळा विभागच आहे. पण सुरुवात खालून करायला कोणाची बंदी नाही. ब्रेमेन आणि पुण्याची सुरुवात नागरिकांनीच केली होती.

तेव्हा चारकोपच्या नगरसेवकांनो, सभागृहात एक ठरावाची सूचना मांडा. शाळांनो, तिकडच्या एखाद्या शाळेला पत्र लिहा. फ्रेंच जाणणारी मंडळी मुंबईत पुष्कळ आहेत, मजकूर नीट करून देतील. सोसायट्यांनो, आपापल्या अंगणाचा एक फोटो सोबत जोडा. आणि पत्राच्या तळाशी व्हिटवेलकरांची ओळ न विसरता घाला: माघी गणपतीपर्यंत उत्तर आलं नाही तर होकार समजू.